जालन्याहून पिक्चरला: ज्येष्ठांची सहल कशी काढावी

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. निवृत्तीनंतर जालन्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सहलींचं काम आपोआप माझ्याकडं आलं. देवदर्शनाच्या सहली सगळीच मंडळं काढतात. पैठण, वेरूळ, औंढा नागनाथ, तुळजापूर, त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही. पिक्चरची सहल मात्र फारसं कुणी काढत नाही, आणि ती काढायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आमच्या मंडळात बहुतेकांच्या घरी एकच प्रश्न आहे आणि त्यावर घरात कुणी तोंड उघडत नाही. पुढं राहायचं कुठं? पोरगा हिंजवडीला, पोरगी ऑस्ट्रेलियात, आणि आपण दोघं इथं तीन खोल्यांत. दोघांतलं एक गेलं की मग तर विचारूच नका. म्हातारपणी देश सोडून परक्या मुलखात राहायला गेलेल्या माणसांचा एक हलकाफुलका सिनेमा आम्ही मिळून पाहिला, आणि कट्ट्यावर इतकी वर्षं जे निघालं नव्हतं ते बोलणं त्या दिवशी निघालं. अशी सहल तुम्हालाही काढता यावी म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सिनेमा कोणता

आम्ही पाहिला तो 'द बेस्ट एक्झॉटिक मॅरीगोल्ड हॉटेल'. दिग्दर्शक जॉन मॅडन, आपल्याकडं २०१२ मध्ये लागला होता. मी तो पहिल्यांदा पुण्याला लेकीच्या घरी टीव्हीवर पाहिला आणि तेव्हाच ठरवलं की हा आपल्या मंडळींना मोठ्या पडद्यावर दाखवायचा.

गोष्ट साधी आहे. सात वयस्कर इंग्रज माणसं जयपूरच्या एका हॉटेलात उरलेलं आयुष्य काढायला येतात. तिकडं म्हातारपण परवडत नाही, आणि जाहिरातीत हॉटेल महालासारखं दिसतं. येऊन बघतात तर फोन बंद, एका खोलीला दारच नाही, आणि हॉटेल चालवणारा पोरगा बोलायला गोड पण खिशात दमडी नाही. तो पोरगा म्हणजे देव पटेल. म्हाताऱ्यांत ज्युडी डेंच, मॅगी स्मिथ, बिल नाय, टॉम विल्किन्सन अशी एकाहून एक मुरलेली माणसं. लांबी दोन तासांच्या थोडी वर. मूळ कादंबरीत ही मंडळी बंगळुरूला येतात, सिनेमात जयपूरला. हॉटेलची इमारत खरी आहे, उदयपूरजवळ खेमपूर गावात. हे मुद्दाम सांगतो, कारण सिनेमा संपल्यावर 'ते हॉटेल कुठं आहे हो?' असं निम्मी माणसं विचारणारच.

आमच्या मंडळींना हा सिनेमा भिडला तो पैशाच्या अंगानं. माझ्यासारख्या एसटीवाल्याला ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतल्या योजनेची पेन्शन. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे आणि आमच्यातले कित्येक दोन-तीन हजारांत अडकलेत. पडद्यावरची बाई नवरा गेल्यावर त्याचं कर्ज फेडायला राहतं घर विकते, एक जोडपं निवृत्तीचा पैसा लेकीच्या धंद्यात घालून बसतं. हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही. आमच्या रांगेत तिथंच 'अगं बाई' निघालं.

हा सिनेमा मिळाला नाही तर दुसरा घ्या, पण एक गोष्ट पाहा. म्हातारा म्हणजे बहिरा, विसरभोळा, चिडका, एवढ्याच भांडवलावर हसवणारा सिनेमा घेऊ नका. आपली माणसं हसतील, पण आतून दुखावतील आणि नंतर बोलणार नाहीत. वयस्कर माणसं मुख्य भूमिकेत असावीत, स्वतःचे निर्णय स्वतः घेत असावीत, चुकत असावीत, प्रेमातही पडत असावीत.

थिएटरवाल्याशी बोलणी

नवीन सिनेमा असेल तर फार काही करावं लागत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळचा खेळ धरा, तिकीट त्या वेळी सहसा कमी असतं आणि गर्दी नसते. तिकिटं खिडकीवर जाऊन काढा, ऑनलाइन काढली की प्रत्येक तिकिटामागं वरचा आकार लागतो आणि माणसं जास्त असली की ती रक्कम चहापाण्याएवढी होते.

जुना सिनेमा पाहिजे असेल तर मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला समक्ष भेटायचं. पूर्ण पडदा भाड्यानं घेता येतो. सगळ्यात लहान पडदा मागा आणि किमान किती तिकिटांचे पैसे भरावे लागतील ते लिहून घ्या. सिनेमाचे हक्क ज्या कंपनीकडं आहेत तिची परवानगी थिएटरवाले काढतात, त्याला वेळ लागतो, म्हणून महिना-दीड महिना आधी जा. इंग्रजी सबटायटल असलेली प्रत मिळते का, ते त्याच भेटीत विचारा. आमच्यातल्या निवृत्त शिक्षकांना त्या ओळींचा फार आधार झाला. इंग्रजांचे उच्चार कानाला पकडता येत नाहीत, वाचलेलं मात्र समजतं.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, पोराच्या मोबाइलवरून ओटीटीचं खातं लावू आणि समाजमंदिरात प्रोजेक्टरवर दाखवू. तसं करू नका. ते वर्गणीचं खातं घरात बघण्यापुरतं असतं, जाहीर दाखवायचा हक्क त्यात येत नाही. आणि खरं सांगायचं तर समाजमंदिरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाहिलं की मध्येच कुणी फोन घेतं, कुणी चहाला उठतं. थिएटरच्या अंधारात माणूस दोन तास एकटा स्वतःशी बसतो, पुढच्या बोलण्याला ते फार लागतं.

गोष्ट आधी सांगा

सगळ्यात जास्त मेहनत इथं घ्या. इंग्रजी सिनेमा म्हटलं की आमच्यातल्या बायका आधी नाव मागं घेतात. 'आम्हाला काय कळणार, भाऊ? उगं पैसे वाया.' यावर भाषण देऊन उपयोग नसतो. सहलीच्या चार-पाच दिवस आधी मंडळाची बैठक घ्या आणि कीर्तनात पूर्वरंग सांगतात तशी सिनेमाची गोष्ट मराठीत सांगा. शेवट सांगू नका, पण माणसं नीट ओळखीची करून द्या.

मी एका कागदावर मोठ्या टायपात सात माणसांची यादी काढली आणि सगळ्यांना वाटली. इंग्रजी नावं लिहिलीच नाहीत. नावं लक्षात राहत नाहीत आणि माणूस नावाशीच झटापट करत बसतो. आम्ही अशी नावं ठेवली: नोकरी धरणाऱ्या बाई, जज्जसाहेब, व्हीलचेअरवाल्या बाई, सतत कुरकुरणारी बायको, तिचा सोशिक नवरा, आणि जोडीदार शोधणारे दोघे. नोकरी धरणाऱ्या बाई म्हणजे ज्युडी डेंच. आयुष्यात कधी नोकरी न केलेली ही विधवा बाई जयपूरला येऊन कॉल सेंटरमधल्या पोरापोरींना शिकवायला लागते, इंग्लंडातल्या माणसाशी फोनवर बोलायचं कसं. जज्जसाहेबांचं लहानपण जयपुरात गेलेलं, ते तिथल्या एका जुन्या माणसाला शोधायला आलेत. व्हीलचेअरवाल्या बाईंना खुब्याचं ऑपरेशन स्वस्तात आणि लवकर करून घ्यायचंय. भारतीय माणसांचा त्यांना मनापासून तिटकारा, आणि गाठ रोज आपल्याच माणसांशी. सोशिक नवरा सकाळी उठून गावातली देवळं बघत फिरतो, बायको हॉटेलच्या बाहेर पाऊल टाकत नाही.

कागद हातात पडल्यावर बायकाच पुढं आल्या. 'त्या कुरकुरणारीचं नंतर काय होतं?' असं एकीनं तीनदा विचारलं. मी सांगितलं नाही. तिनं दुसऱ्या दिवशी पैसे आणून दिले.

दोन गोष्टी मात्र बैठकीत आधीच सांगायच्या, आणि सरळ शब्दांत. एक, सिनेमात एक मृत्यू आहे. कुणाचा ते सांगू नका, पण आहे एवढं सांगा. आमच्यात एका काकांच्या पत्नी त्याच वर्षी गेल्या होत्या. मी त्यांना घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, 'सांगितलंस ते बरं केलंस, मी येतो.' अंधारात अचानक समोर येण्यापेक्षा माणूस मन तयार करून आलेला बरा. दुसरी, जज्जसाहेब ज्याला शोधताहेत तो त्यांचा तरुणपणीचा जोडीदार आहे, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे. हे आधी सांगितल्यावर आमच्याकडं कुजबुज त्या बैठकीत झाली आणि तिथंच मिटली. थिएटरात त्या प्रसंगाला सगळे शांत होते, आणि नंतर सगळ्यात जास्त माया जज्जसाहेबांच्याच वाट्याला आली.

मुलं-सुना सोबत घेऊ नका. मदतीला मंडळाबाहेरची दोन तरुण पोरं घ्या, कॉलेजातली असली तरी चालतील. स्वतःचा मुलगा शेजारच्या खुर्चीवर असला की आई-बाप हसतानाही त्याच्याकडं बघून हसतात.

गाडी

सिनेमाला जायचं ते छत्रपती संभाजीनगरला, जालन्याहून साठेक किलोमीटर. बदनापूर, करमाड, चिकलठाणा आणि मग शहर. नेहमीच्या एसटीनं जायचं असेल तर सवलतींचा हिशोब असा: ७५ वर्षांच्या पुढच्यांना प्रवास मोफत (अमृत ज्येष्ठ नागरिक योजना, ऑगस्ट २०२२ पासून), ६५ ते ७५ या वयात अर्धं तिकीट, आणि बायकांना वय कितीही असो अर्धं तिकीट (मार्च २०२३ पासून). ७५ च्या पुढच्या बाईनं अर्धं तिकीट काढू नये, तिला पूर्ण मोफत आहे. गडबडीत हे विसरलं जातं. आधार कार्ड प्रत्येकाच्या खिशात पाहिजे, पिशवीत तळाशी नको. वाहकाला गर्दीत थांबवून पिशव्या उपसणं बरं दिसत नाही, मी त्या बाजूनं पाहिलंय. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, म्हणून आम्ही रेल्वेचा विचार केला नाही. प्रोझोन मॉलकडं जायचं असेल तर सिडको बसस्थानकावर उतरून रिक्षा करा, मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जाण्यात अर्थ नाही.

वाटेत कुठं थांबायचं असेल तर मात्र आगारातून प्रासंगिक करारावर बस घ्या. किलोमीटरप्रमाणं भाडं, त्यातही ठरावीक किमान भाडं लागतं, अनामत भरावी लागते. आगार व्यवस्थापकाच्या नावानं अर्ज द्या, त्यात निघायची जागा, थांबे आणि परतीची वेळ स्पष्ट लिहा. थांबा अर्जात नसला तर चालकावर दबाव टाकू नका, त्याला नंतर उत्तर द्यावं लागतं. आमच्या सहलीत परतीच्या वाटेवर शेतात थांबायचं होतं, म्हणून आम्ही करारच केला.

महिना डिसेंबर किंवा जानेवारीचा धरा. उन्हाळ्यात मराठवाड्याचं ऊन आणि थिएटरचा एसी, या दोन्हींत ये-जा करून ज्येष्ठ माणूस आजारी पडतो. शिवाय याच दिवसांत हुरडा असतो, त्याचं पुढं सांगतो. संभाजीनगरला जानेवारीत अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही भरतो. मंडळातल्या चार हौशी माणसांना आधी तिथं पाठवून परक्या भाषेतले सिनेमे बघायची सवय लावता येते.

निघायच्या आधी सुशीला किंवा धपाटे असं पोटभर खाऊन निघायचं. थिएटरात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये थिएटरवाल्यांचा तो अधिकार मान्य केलाय, पण पिण्याचं पाणी त्यांनी फुकट ठेवलंच पाहिजे, हेही त्याच निकालात आहे. त्यामुळं पाण्याची बाटली विकत घेऊ नका, पाण्याची सोय कुठं आहे ते विचारा. साखरेचा आजार असलेल्यांच्या गोळ्या आणि दोन बिस्किटं मात्र सोबत पाहिजेतच. दारावरच्या माणसाला आधी शांतपणे सांगा, औषधासोबतचं आहे म्हटल्यावर आम्हाला कुणी अडवलं नाही.

थिएटरच्या आत

सहलीच्या आधी कुणीतरी एकानं जाऊन तो पडदा डोळ्यांनी पाहून यावा. लिफ्ट कुठं उघडते, सरकत्या जिन्याला पर्याय आहे का, शौचालय किती पावलांवर आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दाराच्या पातळीला कोणती रांग येते. गुडघेदुखीवाल्यांना त्याच रांगेत, कडेच्या खुर्च्या द्या. आतल्या पायऱ्या उंचीला सारख्या नसतात आणि अंधारात फक्त बारीक दिव्यांची पट्टी दिसते. मधल्या वयाची धडधाकट माणसं वर चढतील.

आता खुर्चीचं. बऱ्याच मल्टिप्लेक्सची खुर्ची अशी असते की माणूस उठला की बसायची फळी स्प्रिंगनं वर मिटते. सुरुवातीला राष्ट्रगीताला सगळे उठतात. राष्ट्रगीत संपलं, दिवे गेले, आणि आपला माणूस घरच्या खुर्चीच्या सवयीनं मागं न बघता खाली बसायला जातो. फळी वर मिटलेली असते. हे मी इतरांच्या बाबतीत डोळ्यांदेखत पाहिलंय, माकडहाडाला मार बसला की सहा महिने अंथरूण. म्हणून बसमध्येच सगळ्यांना शिकवायचं: आधी डाव्या हातानं खुर्चीचा हात धरायचा, उजव्या हातानं फळी खाली दाबून धरायची, गुडघ्यामागं फळी लागली की मग बसायचं. आम्ही बसमध्ये एकदा उभं राहून हे करून दाखवलं. प्रत्येक रांगेच्या दोन्ही टोकांना एक-एक जाणता माणूस बसवला.

अंगावर शाल, कानाला मफलर. कानाचं यंत्र वापरणाऱ्यांनी जाहिराती चालू असताना आवाज कमी ठेवावा, सिनेमा सुरू झाल्यावर हळूहळू वाढवावा, कारण जाहिरातींचा आवाज फार मोठा असतो आणि यंत्र कानात किंचाळतं. मध्यंतरात सगळे एकदम शौचालयाकडं निघतात, म्हणून ज्यांना वेळ लागतो त्यांना खेळ सुरू व्हायच्या आधीच नेऊन आणा. मध्यंतर संपल्यावर दारात उभं राहून माणसं मोजा. मोजायची ती खुर्च्यांवरून मोजा, चेहऱ्यांवरून मोजलं की कुणीतरी दोनदा धरलं जातं.

सिनेमात दिल्लीहून जयपूरचं विमान रद्द होतं आणि ही सगळी इंग्रज मंडळी बसमध्ये चढतात. आमच्या रांगेत तीन निवृत्त चालक होते. त्या प्रसंगाला त्यांचे पाय आपोआप ब्रेकवर गेले. मराठवाड्यातल्या माणसाला हा सिनेमा परका वाटत नाही तो अशाच प्रसंगांमुळं. धूळ, हॉर्न, रिक्षा, फोनवर खोळंबलेली कामं, सगळं आपलंच, फक्त बघणारे डोळे दुसऱ्याचे.

नंतरची बैठक

सिनेमा संपल्याबरोबर मॉलमधल्या खाण्याच्या जागेत बसू नका. तिथं गाणी लागलेली असतात, ऐकू येत नाही, आणि जो तो मोबाइल काढतो. आम्ही करमाडच्या अलीकडं एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात हुरड्याची सोय केली होती. गोवऱ्यांची आगटी पेटलेली, कोवळी कणसं निखाऱ्यात भाजून हातावर चोळून पुढ्यात येतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हुरडा गरम असतो तोवरच खायचा असतो, त्यामुळं माणूस जागेवरून हलत नाही, गोल करून बसतो आणि हातात मोबाइल धरता येत नाही. बैठकीला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. हुरड्याचा मोसम नसेल तर एखाद्याच्या घरची गच्ची चालेल, पण गोल करूनच बसा.

आता विचारायचं काय? 'तुम्हाला म्हातारपणी कुठं राहायचंय?' असं सरळ विचारलं तर उत्तर ठरलेलं. 'पोरं ठेवतील तसं.' आणि विषय संपला. म्हणून मी एवढंच विचारलं: त्या सातांपैकी तुम्ही कोण?

पहिले काही मिनिटं हसण्यात गेली. मग एक काकू बोलल्या. पुण्याला मुलाकडं चौदाव्या मजल्यावर त्या वर्षातले काही महिने राहतात. म्हणाल्या, 'मी ती कुरकुरणारी. मला तर बाई तिचंच पटलं. मी पण खाली उतरत नाही. लिफ्टमधी कुणी बोलत नाही, खाली उतरून करू काय?' एक गुरुजी अमेरिकेला लेकीकडं जाऊन आलेले. तिथं एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं. ते म्हणाले, जागा छान, हवा छान, पण कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही गाडी लागते आणि गाडी लेकच चालवणार, म्हणजे दूध आणायलाही तिची सुट्टी बघायची. आणि एक मावशी, ज्यांनी आयुष्यभर घराबाहेर काम केलं नाही, त्या म्हणाल्या की नोकरी धरणाऱ्या बाई त्यांना आवडल्या. मागून कळलं, त्या आता शेजारच्या दोन पोरांना संध्याकाळी पाढे शिकवतात.

सगळ्यांना एक-एक वेळ बोलू द्या. मध्ये कुणी तोडलं तर त्याला थांबवा, मंडळाचा अध्यक्ष असला तरी. जो बोलणार नाही त्याला आग्रह करू नका, पुढ्यात हुरडा वाढा आणि पुढं जा. तुलना करणारा कुणीतरी निघतोच: 'आमचा मुलगा तसा नाही.' तिथं लगेच पुढच्या माणसाकडं वळा, नाहीतर बैठक पोरांच्या गुणगानाची होते.

दवाखान्याचा विषय आपोआप निघतो, कारण व्हीलचेअरवाल्या बाई ऑपरेशनसाठीच आलेल्या असतात. तेव्हा उपयोगाची माहिती हातात ठेवा. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, हे ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालं. परदेशी मुलाकडं कायमचं जायचा विचार असलेल्यानं हे जरूर लक्षात घ्यावं, कारण तिकडं हे कार्ड चालत नाही आणि तिकडचा विमा या वयात फार महाग पडतो. आमच्यात कित्येकांनी कार्ड काढलंच नव्हतं. आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन पुढच्याच आठवड्यात मंडळी केंद्रावर गेली.

आणि एक गोष्ट जपून करायची. अशा बैठकीत कुणीतरी हळू आवाजात सांगून जातं की घर मुलाच्या नावावर केलं आणि आता दोन वेळचं जेवणही मोजून मिळतं. हे चारचौघांत पुढं चालवू नका. 'आपण नंतर बोलू' म्हणा आणि खरंच नंतर बोला, त्याच दिवशी, बाजूला घेऊन. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ सालचा आहे, त्यासाठीचा अर्ज प्रांताधिकाऱ्याच्या कार्यालयात न्यायाधिकरणाकडं करायचा असतो, वकील लावावा लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, अट मोडली तर रद्द करून घ्यायची तरतूद त्याच्या कलम २३ मध्ये आहे. अट कागदावर असेल तर काम सोपं जातं. बहुतेक वेळा अर्जापर्यंत जावं लागत नाही, मंडळातली दोन वडीलधारी माणसं घरी जाऊन बसली की फरक पडतो. पण कायदा माहीत असलेला माणूस त्या दोघांत एक तरी पाहिजे.

अंधार पडायच्या आत बस सोडा. थंडीत संध्याकाळ लवकर होते आणि जालना रस्त्यावर ट्रकांची वर्दळ वाढते. उतरताना प्रत्येकाला दारात नेऊन सोडायचं काम त्या दोन कॉलेजच्या पोरांना द्या. एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरात दिवा लागलेला पाहूनच रिक्षा पुढं न्यायची.

हिशोब दुसऱ्याच दिवशी कट्ट्यावर वाचून दाखवा. तिकिटं, बसचं भाडं, हुरडा, रिक्षा, चहा, पै न पै. उरलेले पैसे मंडळाच्या खात्यात 'सर्वानुमते' म्हणून जमा करून टाकू नका, ज्याचे त्याला परत द्या. पन्नास रुपये परत मिळालेला माणूस पुढच्या सहलीला पहिलं नाव देतो. जे आले नाहीत त्यांच्या घरी तो सात माणसांचा कागद पाठवा. थिएटरच्या मॅनेजरलाही फोन करून सांगा की सगळे सुखरूप पोचले. आमच्या मॅनेजरनं त्या फोनवरच पुढच्या वेळी दाराच्या पातळीची आख्खी रांग आधीच राखून ठेवतो असं कबूल केलं.